‘मले’चं ‘मला’

“या आमच्या संशोधक विद्यार्थिनी. नावावरून वाटणार नाही, पण मराठी उत्तम आहे यांचं.”

माझे गाइड माझी ओळख अशी करून द्यायचे. त्या दिवशी अमरावतीत, मराठी विभागाच्या सभागृहातल्या सेमिनारला, त्यांनी ती माइकवरून करून दिली. मी मुसलमान आहे. जन्म अकोल्याचा, शाळा अकोल्याची, अब्बांचं शिलाईचं दुकान जठारपेठेत. घरात आमची हिंदी, दाराबाहेर मराठी. उत्तम मराठीबद्दल टाळ्या पडल्या. मी मान किंचित लववून त्या घेतल्या.

मग सरांनी पडद्यावर एक नोंद आणली.

“आता या वाचून दाखवतील. त्याच वऱ्हाडी ठसक्यात हं.”

नोंद अशी होती: ‘मी शाळेत खिचडी शिजवतो. माह्याच लेकराले लाइनीत मांगं उभं करते. काहून?’

मी ‘शिजवतो’पर्यंत पोचले. सरांनी हात वर करून थांबवलं.

“लिहिणारी बाई आहे बरं का. बाई की बुवा, ते तिचं तिलाच ठाऊक.”

सभागृह हसलं. वऱ्हाडात बाई ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच बोलते. यात न कळण्यासारखं काही नाही. हसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त प्राध्यापक अकोला, वाशीम, यवतमाळकडचे. त्यांच्या आया आजही फोनवर ‘मी जेवतो, मंग बोलतो’ म्हणत असतील. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले.

मीही हसले. पेपरात असताना शिकले, बातमीत सगळं द्यावं लागतं, म्हणून हेही देते.

पुढचं वाक्य मी ठसक्यात वाचलं. ‘काहून’, म्हणजे ‘का म्हणून’, जरा लांबवला. चहाच्या वेळी एकजण जवळ आला. “मॅडम, काय अॅक्टिंग केली तुम्ही.” मी थँक्यू म्हटलं.

माझा विषय आहे बंद पडलेल्या वेबसाइट. एखादी वेबसाइट बंद झाली की तिच्यावरचं सगळं लिखाण नाहीसं होतं. कुणी आधी जपून ठेवलं असेल तरच उरतं. वऱ्हाडातल्या छोट्या गावांनी इंटरनेटवर सुरुवातीला काय लिहिलं, ते शोधून जपायचं, हे माझं काम. वरची नोंद अशाच एका वेबसाइटची. ती अंजनगाव सुर्जीहून चालायची. चालवणारे गजूभाऊ. बाजारपेठेत त्यांचा सायबर कॅफे होता. तालुक्याच्या बातम्या ते टाकायचेच, पण त्यांचं खरं काम ‘बोला’ नावाच्या पानावर होतं. बाजाराच्या दिवशी कुणीही यायचं, गजूभाऊंच्या खुर्चीमागं उभं राहून आपलं म्हणणं सांगायचं, आणि गजूभाऊ ते टाइप करायचे. बस येत नाही. नळाला गढूळ पाणी येतं. मास्तर शाळेत नसतो. टाइप करता न येणाऱ्या माणसांचं बोलणं त्या पानावर तोंडचं जसंच्या तसं आहे. मला असं दुसरं पान कुठं सापडलेलं नाही.

गजूभाऊंना मी पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्ही लोकांची भाषा नीट का नाही केली? प्रश्न डेस्कवरच्या सवयीचा होता. अकोल्याच्या एका पेपरात मी आधी टाइपिंग ऑपरेटर होते, मग उपसंपादक झाले.

गजूभाऊ म्हणाले, “मी काय त्यायचा मास्तर होय? बाई मांगं उभी राहून सांगे, भाऊ, असंच लिव. म्या लिवलं. बोलनारी ते, म्या निस्त्या बटना दाबल्या.”

ती खिचडीवाली बाई कोण, हे त्यांना आठवत नव्हतं. बाजाराच्या दिवशी आली होती, एवढंच. नाव नाही, गाव नाही. तिच्या नावावर या जगात कुठं काय लिहिलेलं असेल मला माहीत नाही. तिच्या तोंडची तीन वाक्यं होती, ती गजूभाऊंच्या जुन्या डिस्कवर. परदेशातला एक मोठा संग्रह जगभरच्या वेबसाइट आपोआप साठवतो. त्याच्याकडं या वेबसाइटचं पहिलं पान होतं. ‘बोला’पर्यंत त्याचं यंत्र पोचलंच नव्हतं. म्हणजे प्रत एकच.

गजूभाऊंनी डिस्क रुमालात बांधून दिली. मी विभागाच्या शिक्क्याची पोच दिली. “वापरा ताई. पन अक्षर नोका बदलवू.”

डिस्क विभागात आली तेव्हा सरांनी ती उघडून पाहिली आणि लगेच बंद केली. “हे तर सगळे किडे आहेत.” त्या काळच्या मराठी वेबसाइट जुन्या फॉन्टमध्ये असायच्या. तो फॉन्ट संगणकात नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मधेच पौंडाचं चिन्ह. पेपरात आम्ही याला ‘फॉन्ट उडाला’ म्हणायचो. गावोगावचे वार्ताहर मेल पाठवायचे आणि अर्ध्या मेलचा फॉन्ट उडालेला असायचा. पान छपाईला सोडायची वेळ झालेली. दुरुस्त करत बसायला कुणाला सवड नव्हती. मी तसंच वाचायला शिकले. कोणत्या चिन्हाआड ‘म’ आहे, कोणत्या टिंबाखाली मात्रा, हे बघितलं की कळायचं.

सर डिजिटल इतिहासाचे जाणकार. त्या विषयावर राज्यभर बोलतात. उडालेल्या फॉन्टची एक ओळ त्यांना वाचता येत नव्हती. मी कोष्टक बनवलं, चिन्हासमोर अक्षर, आणि ‘बोला’चं प्रत्येक पान आजच्या मराठीत आणलं. सभागृहात हसवलं ते त्यातलंच.

सेमिनारनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संग्रह सगळ्यांसाठी खुला करायचा होता, सोबत सरांच्या प्रस्तावनेचं पुस्तक.

“भाषा प्रमाण करून घ्या. शोधणारा ‘मला’ टाइप करेल. ‘मले’ कोण टाइप करणार?”

मी म्हटलं, दोन्ही ठेवू. वर मूळ, खाली प्रमाण.

“दुप्पट काम कशाला? आणि या लोकांना त्यांच्या चुकांसकट चारचौघांत उभं करायचं? अब्रू त्यांचीच जाते.”

सभागृहात तिला बुवा म्हणून झालं होतं. आता तिच्या अब्रूची काळजी.

मी विचार करते म्हणाले आणि ईदला अकोल्याला गेले. परत आले तर काम झालेलं होतं. सरांनी स्वतः केलं होतं. “तुम्ही उगाच बाऊ करत होतात. दोन मिनिटं लागली.” मला वाटलं, ‘मले’चं ‘मला’ केलं असेल, ‘त्याले’चं ‘त्याला’. वाईट वाटलं. पण तपासलं नाही. डेस्कवर ही चूक केली असती तर बोलणी खाल्ली असती. इथं कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. प्रबंध पुढच्या वर्षी द्यायचा होता. त्यावर सही सरांची लागणार होती.

काही महिन्यांनी पुस्तकाची प्रुफं आली. सर म्हणाले, “तुम्ही पेपरवाल्या. तुम्हीच बघा.”

मी बघायला बसले. दुसऱ्याच पानावर थांबले. ‘माह्याच लाकराला लाइनीत मांगं उभं करते.’

लाकराला?

पुढं ‘लाखी तक्रार’. मग ‘कलाक्टर’. मग एका मुलानं वडिलांबद्दल सांगितलेलं: ‘आमचे बाबा गेला.’

मला कळायला फार वेळ लागला नाही. सरांनी शोधायच्या चौकटीत ‘ले’ लिहिलं होतं, बदलायच्या चौकटीत ‘ला’, आणि सगळीकडे बदला म्हणून सांगितलं होतं. संगणकानं सांगितलेलं केलं. ‘मले’चं ‘मला’ झालं. ‘लेकरा’चं ‘लाकरा’ झालं. ‘लेखी’ची ‘लाखी’ झाली. ‘गेले’चं ‘गेला’ झालं, आणि मेलेल्या बापाचा आदरार्थही गेला. शाळेतल्या मुलालाही कळेल की असं करताना एकेक शब्द वेगळा बघून बदलावा लागतो. सर भाषेचे माणूस आहेत. शब्द एकेक बघायचे असतात हे त्यांना सुचलं नाही, आणि नंतर एक पान वाचून बघावं असंही वाटलं नाही.

इथवर ती चूक होती. चूक सुधारता येते. मग मी तळटीप वाचली.

‘वऱ्हाडी बोलीत ‘ले’चा उच्चार अनेकदा ‘ला’ असा होतो. उदा. लाकरू, लाखी, कलाक्टर. संकेतस्थळाचा चालक अल्पशिक्षित असल्याने त्याने हे उच्चार जसेच्या तसे टिपले, हे अभ्यासकांचे भाग्यच म्हणावे लागेल.’

तळटीप मी तीनदा वाचली. माणसानं स्वतःच शब्द मोडले, विसरून गेला, मग ते मोडलेले शब्द त्याला सापडले आणि त्यानं त्याचा नियम केला. वऱ्हाडात इतकी वर्षं राहून, रोज वऱ्हाडी माणसाच्या हातचा चहा पिऊन, ‘लेकरू’ हा शब्द त्याच्या कानावर कधी पडला नव्हता. पडला असेल. ऐकला नव्हता. आणि सगळ्या दोषाचा धनी कोण, तर अल्पशिक्षित गजूभाऊ.

मी प्रुफ पुढं वाचत गेले. खिचडीवाल्या बाईच्या नोंदीखाली त्या काळी एकच उत्तर आलं होतं. कुणी दिलं ते माहीत नाही. ‘आधी मराठी नीट शिका. मग तक्रार करा.’ बस. तिच्या लेकराला मागं का उभं करतात, याचं उत्तर कुणीच दिलेलं नव्हतं. त्या उत्तरात एकही ‘ले’ नाही. ते सरांच्या हातून सुखरूप निघालं होतं. अख्ख्या पानावर तेवढी एकच नोंद मुळात होती तशी राहिली होती.

त्या उत्तरावर मी अडकले. ते मला ओळखीचं वाटलं. ते मी स्वतः म्हटलेलं होतं, वेगळ्या शब्दांत, कित्येकदा. डेस्कवर वार्ताहराच्या कॉपीत ‘मले’ दिसलं की मी ते मारायची, ‘मला’ करायची. फार चपळ होते त्यात. तेल्हाऱ्याकडच्या एका वार्ताहरानं एकदा फोन केला होता. “ताई, तो मानूस असा नाई बोल्ला. तुमी त्याच्या तोंडी भलतंच घातलं.” मी म्हटलं होतं, “पेपरात असंच येतं.” आणि फोन ठेवला होता. माझंही नाव बातमीवर आलं तर लोक भाषा तपासतील, ही भीती होती. म्हणून मी इतरांपेक्षा जास्त मारायची. ‘उत्तम मराठी’ मी अशी मिळवली होती. त्या दिवशी मला सरांचा राग आला त्याच्या आधी स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मला एका कागदावर सही करायची होती. ‘सदर संग्रह मूळ पानांशी ताडून पाहिला असून तो मुळाबरहुकूम आहे.’ खाली संकलक म्हणून माझं नाव. केबिनमध्ये सर होते आणि विभागप्रमुख बाई.

मी म्हटलं, “सर, ‘लाकरू’ असा शब्द वऱ्हाडात नाही. तो तुम्ही शोधा-बदलामध्ये तयार केलाय.” आणि मूळ पान आणि प्रुफ दोन्ही टेबलावर ठेवली.

सरांनी कागदांकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. ते बाईंशी बोलले.

“तंत्रात यांचा हात कुणी धरणार नाही. पण भाषेत यांनी पडू नये, हे मी यांना किती वेळा सांगितलं. शेवटी मातृभाषा नाही ना ती यांची.”

बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “अहो, करून टाका सही. एवढंसं तर आहे. तुमचा प्रबंध यांच्याकडेच आहे, विसरू नका.”

मी उत्तर दिलं ते ठरवून दिलेलं नव्हतं. “मले जमत नाई.”

सरांनी आता माझ्याकडं बघितलं. “हे काय? नाटक?”

“नाई सर. मी बोलून राहिलो.”

बाई दर्यापूरच्या, वऱ्हाडातल्याच. त्यांना सगळं कळलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीकडं बघितलं. त्यांच्याकडून मला तेवढंच मिळालं.

चार दिवसांत पत्र आलं. विषयाच्या मांडणीबाबत मतभेद झाल्यामुळं सर माझं मार्गदर्शन पुढं करू शकत नाहीत. पत्राच्या मराठीत चूक नव्हती.

मी गजूभाऊंना फोन केला आणि तळटीप वाचून दाखवली. ‘अल्पशिक्षित’ हा शब्दही वाचला. लपवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, “उद्या येतो मी. माही डिस्क आनाले.”

ते सकाळच्या एसटीनं आले. विभागाच्या शिक्क्याची पोच त्यांच्या खिशात होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली.

“बसा ना गजाननराव. चहा घेऊ.”

“बसाले नाई आलो. माही डिस्क द्या.”

“देतो हो. पण तुम्हाला गैरसमज झालाय. तुमच्या कामाचं मी कौतुकच केलंय.”

“केलं ना. ताईनं वाचून दाखवलं.” गजूभाऊ उभेच होते. “एक सांगा सर. आमच्या इकडं लेकरू होते. थे लाकरू कोनं जल्माले घातलं? थे तं तुमच्याच घरचं दिसते.”

बाहेर टेबलावरचा कारकून खोकला. तो हसणं दाबत होता, हे सगळ्यांना कळलं. सर लाल झाले आणि त्यांनी कपाटातून डिस्क काढून दिली.

गजूभाऊंनी ती तिथंच माझ्या लॅपटॉपला लावायला सांगितली. मी लावली. डिस्क कोरी होती.

“फॉरमॅट करून दिलीय,” सर म्हणाले. “जुन्या डिस्कवर व्हायरस असतात. संग्रहात सगळं घेतलंच आहे, मग हे ठेवून काय करायचं?”

वेबसाइट कशा जपाव्यात हे या माणसाकडून शिकायला लोक दूरदूरून येतात. त्यानं एकुलती एक मूळ प्रत पुसली आणि ती स्वच्छ केली म्हणून सांगितलं. मुद्दाम पुसली की नाही, मला माहीत नाही. मुद्दाम पुसली असेल तर तो लबाड आहे. नसेल तर त्याला त्याच्या विषयातलं काही येत नाही. दोन्हींपैकी खरं काय, ते सांगायचं मी त्याच्यावर सोडते.

पण प्रत होती. पेपरात एक नियम होता. वार्ताहराची मूळ कॉपी फेकायची नाही. नोटीस येऊ शकते. डिस्क विभागात देण्याआधी मी तिची प्रत काढून ठेवली होती. त्या नोकरीत मी पुष्कळ माणसांचं बोलणं मारलं. हा एक नियम मात्र कामाचा शिकले.

सरांचा संग्रह आता खुला आहे. त्यात ‘लाकरू’ शोधलं की सापडतं. ‘लेकरू’ शोधलं की काहीच सापडत नाही. बोलीभाषेवरच्या एका निबंधात ‘लाकरू’ उदाहरण म्हणून येऊनही गेलं, सरांच्या तळटिपेचा हवाला देऊन. विभागानं मला कळवलंय की मूळ डिस्क उपलब्ध नसल्यानं माझ्याकडची प्रत अधिकृत धरता येत नाही. मूळ डिस्क उपलब्ध का नाही, याचा उल्लेख पत्रात नाही. दुसरा गाइड मिळालेला नाही. ज्यांना विचारलं, त्यांनी आधी सरांची तब्येत कशी आहे ते विचारलं. अम्मी म्हणते, “कर देती साइन, तेरा क्या जाता था?” माझं काय जात होतं, ते तिला मी अजून नीट सांगू शकलेले नाही. प्रबंध गेला तर माझा जाईल. सही केली असती तर त्या बाईचं लेकरू गेलं असतं, आणि ते माझ्या हातून गेलं असतं.

पुढं काय करणार, ते लिहून ठेवते. गजूभाऊंनी अंजनगावला शपथपत्र केलंय: पानं माझी, टाइप मी केलं, बोलणं लोकांचं. ते शपथपत्र जोडून मी ‘बोला’ची सगळी पानं खुली करणार. वर उडालेल्या फॉन्टसकट मूळ पान. खाली माझं वाचन. जिथं मला अक्षर नक्की लागलं नाही, तिथं तसं लिहिणार. सोबत कोष्टक, म्हणजे माझ्यावर कुणी विश्वास ठेवायची गरज नाही. ज्याला ताडून बघायचंय त्यानं बघावं.

आणि जिथं जिथं ‘लाकरू’ छापून येईल, तिथल्या लेखकाला आणि संपादकाला माझं पत्र जाईल. निबंधवाल्यांना गेलंय. उत्तर आलेलं नाही, म्हणून दुसरं पाठवलंय. पत्रात विशेषण नाही. तीन ओळी आहेत. मूळ काय होतं. त्याचं काय केलं. कुणी केलं. तिसऱ्या ओळीत सरांचं पूर्ण नाव आहे, सगळ्या पदव्यांसकट. त्यातलं एकही अक्षर मी बदललेलं नाही.